नदीत उतरण्यापूर्वी

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाटक, कादंबरी, लोकसाहित्य हे विषय वारंवार येतात आणि ते यावेत हेच योग्य. खळाळत्या नदीतून लहान होडीने किंवा रबरी तराफ्याने करावयाचा प्रवास आणि त्या प्रवासाची आखणी, हा विषय मात्र येथे थोडा परका वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या भूमीत हे ग्रंथालय वाचक जोडीत आले, त्या भूमीच्या सीमाच मुळी नद्यांनी आखल्या आहेत. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा. डिचोलीच्या अंतरंगात वाळवंटी आणि एका अंगाला मांडवी. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री साखळीनजीक विठ्ठलापूर येथे वाळवंटीच्या पात्रात सोडल्या जाणाऱ्या कलाकुसरीच्या नौका पाहण्यासाठी दूरदूरचे लोक जमतात. कार्तिकातील ती वाळवंटी संथ असते, दिव्यांची प्रतिबिंबे झेलणारी असते. आषाढात तीच नदी साखळीच्या बाजारपेठेला धाक घालते. एकाच नदीची ही दोन रूपे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या विषयाचे मर्म समजावयास वेळ लागणार नाही.

प्रारंभी शब्दांविषयी थोडेसे. पाण्याच्या चालीसाठी मराठीत आणि कोकणपट्टीच्या बोलींत शब्दांची उणीव नाही. झरा, ओहोळ, व्हाळ, नाला, नदी हा त्यांचा चढता क्रम. आणि नदीच्या पोटात पुन्हा धार, खळाळ, भोवरा, डोह, कोंड. ‘उतार’ या एका शब्दात तर दोन अर्थ नांदतात. जमीन खाली घसरते तो उतार आणि जेथून माणसाला पायी नदी ओलांडता येते तोही उतार. ज्या समाजाने हे शब्द घडविले, त्या समाजाने नदी नुसती पाहिली नव्हती. तिच्यातून गुरे नेली होती, बाजारहाट केला होता, वऱ्हाडे पार केली होती. खडकाळ पात्रातून वेगाने खाली येणारे पाणी हवेशी मिसळून फेसाळते आणि दुरून पांढरे दिसते. या पांढऱ्या पाण्यातून वल्ही मारीत जाणे हा आता जगभर एक मान्य साहसी क्रीडाप्रकार झाला आहे. अशा पाण्याच्या अवघडपणाच्या सहा श्रेणी मानल्या जातात. पहिल्या श्रेणीत लहानशा लाटा आणि मोकळे पात्र. तिसऱ्या श्रेणीत उंच लाटा, अरुंद वाटा आणि नेमकी वळणे. पाचव्या श्रेणीत एका चुकीची किंमत जीवाने मोजावी लागेल असे पाणी. आणि सहावी श्रेणी म्हणजे जवळपास अशक्य. परंतु ही श्रेणी नदीला कायमची चिकटवलेली नसते. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याचा जो खळाळ मुले खेळत ओलांडतात, तोच श्रावणात चौथ्या श्रेणीचा होऊ शकतो. म्हणून ‘नदी कशी आहे’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘आज, या घटकेला, इतक्या पाण्यावर नदी कशी आहे’ असाच तो विचारावा लागतो.

गोव्यात या साहसाचे ठिकाण म्हणजे सत्तरीतील म्हादई. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, देगावच्या परिसरात उगम पावणारी ही नदी सह्याद्रीची रांग उतरून सत्तरीत येते, पुढे खांडेपारला आपल्यात सामावून घेते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्रास मिळते. गोवा पर्यटन विकास महामंडळाने २०१२ च्या पावसाळ्यापासून या नदीवर तराफ्यांच्या सफरी सुरू केल्या. वाळपईपलीकडे उस्ते येथे तराफे पाण्यात उतरवावयाचे आणि सुमारे दहा किलोमीटरचे अंतर तोडून सोनाळ येथे काठाला लागावयाचे, असा तो टप्पा. पाणी साधारणतः दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीचे. दोन्ही काठांना रान, मधूनमधून कुळागरे, आणि म्हादई अभयारण्याचा शेजार. १९९९ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे आहे. जाणत्या वाटाड्याबरोबर ठरावीक तासाला निघून ठरावीक तासाला परतणारा हा प्रवास निर्धोक भासतो. तो तसा भासतो याचे कारण त्यामागची आखणी प्रवाशाला दिसत नाही. कुणा सात-आठ तरुणांनी उद्या स्वतःच्या बळावर असाच एखादा अनोळखी टप्पा करावयाचे मनात आणले, तर त्यांना काय काय करावे लागेल, याचा विचार केला म्हणजे ती न दिसणारी बाजू डोळ्यांसमोर येते.

पहिला प्रश्न वेळेचा. गोव्यातील नद्या तीन निरनिराळ्या घड्याळांवर चालतात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पहिले घड्याळ पावसाचे. म्हादईच्या मुख्य प्रवाहावर वरच्या अंगाला मोठे धरण नाही. तिचे खळाळ पावसावर जगतात. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाळपईकडच्या डोंगराळ भागात त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून तेथील सफरी जून ते सप्टेंबर या महिन्यांपुरत्याच. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वाळपईला ऊन पडले म्हणून नदी शांत असेल, असे नव्हे. कणकुंबी-आमगावच्या बाजूला घाटमाथ्यावर रात्री कोसळलेला पाऊस काही तासांनी निरभ्र आकाशाखालून लोंढा होऊन येतो. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी आणि डिचोलीत जो पूर आला, तो १९८२ नंतरचा सर्वांत मोठा म्हणून नोंदविला गेला. त्या दिवशी म्हादईकाठच्या कित्येक घरांच्या भिंती पडल्या. अशा नदीवर जाणाऱ्याने आपल्या गावचे आभाळ पाहून भागत नाही. पाणलोटाच्या माथ्यावरचे आभाळ विचारावे लागते.

दुसरे घड्याळ धरणाचे. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर तराफ्यांच्या सफरी चालतात, त्या भिऱ्याच्या बाजूच्या जलविद्युत केंद्रांतून सोडलेल्या पाण्यावर. पाणी सुटले की नदी, नाही तर खडक. तेथे आखणी करणारा पंचांग पाहत नाही, वीजकेंद्राची वेळ पाहतो. दांडेलीच्या काळी नदीचीही तीच गोष्ट. गोव्यात हे घड्याळ पेडणेकरांच्या अधिक परिचयाचे आहे. दोडामार्ग तालुक्यातील तिळारी धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. तेथून निघालेली नदी डिचोली-पेडण्यात येऊन पुढे शापोरा होते. ऑगस्ट २०१९ मध्ये अतिवृष्टी झाली आणि धरणातून पाणी सोडावे लागले, तेव्हा साळ, इब्रामपूर, चांदेल, हणखणे या गावांनी तो लोंढा अनुभवला. दरवाजे एका राज्यात आणि पाणी दुसऱ्या राज्यात, अशी ही स्थिती. तिळारीच्या खालच्या पात्रात होडी घालणाऱ्याने धरणावरून पाणी सोडण्याची सूचना कोठे, केव्हा आणि कोणाकडून मिळते हे आधी शोधले पाहिजे. ते न शोधता केलेली आखणी म्हणजे अर्धी आखणी.

तिसरे घड्याळ भरतीचे. तेरेखोल, शापोरा आणि मांडवी यांच्या खालच्या पात्रांत समुद्राचे पाणी दूरवर आत येते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि प्रत्येक दिवशी ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. खनिजाची बार्ज हाकणाऱ्या खलाशांना हे गणित तोंडपाठ असे. पुराच्या पाण्याला भरतीची गाठ पडली म्हणजे ते ओसरत नाही, हा साखळी-डिचोलीचा जुना अनुभव आहे. वरच्या टप्प्यातून निघून खालच्या संथ पाण्यात पोहोचणाऱ्या थकल्याभागल्या वल्हेकऱ्याला जर समोरून भरती आणि वारा दोन्ही मिळाले, तर शेवटचे तीन किलोमीटर पहिल्या दहांपेक्षा जड जातात आणि काळोख पाण्यातच गाठतो.

वेळ ठरली की जागा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंचाऐवजी आता मेट्रिक प्रमाणाचे, पन्नास हजारांस एक या मापाचे नकाशे असतात. त्यांवरील समान उंचीच्या रेषा नदीला किती वेळा छेदतात ते मोजले, म्हणजे एका किलोमीटरमागे पात्र किती मीटर उतरते हे कळते. रेषा जेथे एकमेकींना बिलगतात, तेथे खळाळ किंवा धबधबा असणार. उपग्रहाची चित्रे उपयोगी खरी. परंतु आपल्याकडे ऐन पावसात ढग आणि एरवी झाडांचे छत यांमुळे अरुंद पात्र त्यांतून पुष्कळदा लपून राहते. म्हणून नकाशानंतर पाय. उन्हाळ्यात, पाणी आटलेले असताना, तो संपूर्ण टप्पा काठाकाठाने चालून पाहावयाचा. पावसात जे पाण्याखाली दडते ते वैशाखात उघडे असते. कोणता खडक पोटातून पोखरलेला आहे, कोणते झाड मुळांनिशी प्रवाहात कलंडले आहे, कोणत्या कोंडीतून बाहेर पडावयास वाट नाही, हे तेव्हाच दिसते. चालताना दोन यादी कराव्या लागतात. एक धोक्यांची आणि दुसरी, तितकीच महत्त्वाची, बाहेर पडण्याच्या जागांची. कोणत्या वळणावरून पायवाट रस्त्याला लागते, कोणत्या साकवापर्यंत गाडी येते, कोणत्या वाड्यावर माणसे राहतात, याची नोंद नसेल तर मधेच मोडलेला प्रवास रात्रभराच्या संकटात बदलतो.

धोक्यांपैकी तीन विशेष सांगण्याजोगे आहेत, कारण ते दिसावयास साधे असतात. पहिला पाण्याच्या जोराचा. पात्र वीस मीटर रुंद, दोन मीटर खोल आणि वेग सेकंदाला दोन मीटर, असा मध्यम प्रवाह घेतला तरी एका सेकंदात ऐंशी घनमीटर, म्हणजे ऐंशी टन पाणी पुढे जाते. वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. होडीतून पडलेला माणूस घाईघाईने पाय टेकून उभा राहू पाहतो. पाऊल दोन खडकांच्या फटीत अडकते आणि मागून येणारे पाणी त्याला आडवे पाडते. कमरेइतक्या पाण्यात पट्टीचे पोहणारे बुडतात ते असे. म्हणून पडणाऱ्याने उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेस, पाण्याच्या पृष्ठाशी ठेवावेत आणि वेग मंदावेपर्यंत उभे राहण्याचा मोह टाळावा, हा पहिला धडा. दुसरा धोका आडव्या पडलेल्या झाडाचा. पाणी फांद्यांतून गाळून निघते, माणूस निघत नाही. तिसरा धोका मानवनिर्मित आहे. गोव्याच्या नद्यांवर जागोजागी बंधारे आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांच्या फळ्या काढतात आणि खांबांमधील अरुंद दारांतून पाणी ओढले जाते. त्या दारांत ओंडके आणि काटेरी झुडपे अडकलेली असतात. फळ्या बसविलेल्या असतील तर बंधाऱ्यावरून सरळ रेषेत पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि तेथे पडलेली वस्तू पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच खेचते. वरून पाहता ती एक फूटभर उंचीची सुबक पायरी दिसते. तिला वळसा घालून होडी खांद्यावरून नेणे, यात कमीपणा काहीच नाही.

यानंतर माणसे आणि सामान. एका तराफ्यात सहा ते आठ जण आणि सुकाणूपाशी एक जाणता. प्रत्येकाच्या अंगात नीट कसलेले लाइफ जॅकेट आणि डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिटी, पिशवीत गुंडाळलेला, फेकावयास सोपा असा पंधरा-वीस मीटरचा दोर. तराफ्यात हवेचे निरनिराळे कप्पे असतात, जेणेकरून एक फुटला तरी उरलेले तरंगत राहावेत. शब्द मोजके ठरवावयाचे: पुढे, मागे, थांबा, खाली बसा, कारण खळाळाच्या गर्जनेत वाक्ये ऐकू येत नाहीत. हातांच्या खुणाही आधीच ठरलेल्या असाव्यात. घाटाच्या पायथ्याच्या दऱ्यांत मोबाइल मुका होतो. यासाठी काठावर एक माणूस गाडीसह ठेवावा आणि अमुक वाजेपर्यंत चमू न दिसल्यास त्याने १०८ या क्रमांकावर कळवावे, असा लेखी करार असावा. पावसाळी पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून पायाला जखम असलेल्याने त्या दिवशी काठावरच राहिलेले बरे. शेवटी परवानगी. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या अनुमतीशिवाय प्रवेश नाही, आणि पावसाळ्यात नद्या, धबधबे यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम निघतात. हे हुकूम साहसाचे वैरी आहेत, असे तरुणांना वाटते. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून येणाऱ्या बुडाल्याच्या बातम्या वाचल्या म्हणजे त्या हुकुमांमागचे दुःख उमजते.

ही सारी सिद्धता असूनही प्रवास फसू शकतो, हे जगाच्या अनुभवाने दाखविले आहे. २४ मे १८६९ रोजी जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ नऊ सोबती आणि चार होड्या घेऊन ग्रीन नदीवरून निघाला. पुढे कोलोरॅडो नदीच्या अज्ञात दऱ्यांतून, ग्रँड कॅन्यनमधून पार व्हावयाचे हा संकल्प. यादवी युद्धात त्याने उजवा हात गमावला होता. दहा महिन्यांचा शिधा बरोबर होता. सुमारे दोन आठवड्यांनी तीर गाठण्याचा इशारा होऊनही एक होडी वेळेत काठाला लागली नाही आणि खडकांवर फुटली. तिच्याबरोबर शिध्याचा मोठा हिस्सा गेला. एक जण जुलैतच परतला. ऑगस्टअखेर उरलेले अन्न काही दिवसांचे आणि समोर एक भयंकर खळाळ, अशी वेळ आली. २८ ऑगस्टला तिघांनी नदी सोडून कडा चढून जाण्याचा निर्णय घेतला. पॉवेल आणि उरलेले पाच जण होड्यांतून पुढे गेले आणि दोन दिवसांत वस्तीला लागले. वर चढून गेलेले ते तिघे पुन्हा कधीच परतले नाहीत. ते भित्रे होते असे कोणी म्हणू शकणार नाही. तीन महिने त्यांनी त्याच नदीशी झुंज घेतली होती. त्यांच्यापाशी एकच गोष्ट नव्हती: पुढे किती नदी उरली आहे याची माहिती. ती तेव्हा जगात कोणापाशीच नव्हती. पुढे पॉवेलने आपला वृत्तांत ग्रंथरूपाने १८७५ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यानंतरच्या प्रवाशांच्या हाती ती माहिती आली.

दुसरे उदाहरण आपल्या ब्रह्मपुत्रेचे. तिबेटात तिला त्सांगपो म्हणतात. हिमालयाला वळसा घालताना ती जगातील अतिखोल दऱ्यांपैकी एका दरीतून जाते. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेतील अत्यंत अनुभवी कयाकपटू त्या दरीत उतरले. त्या वर्षीचा पावसाळा अतिवृष्टीचा ठरला होता आणि नदीत अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पाणी होते. त्यांनी पुष्कळ खबरदारी घेतली, काठाकाठानेच मार्ग काढला. तरीही १६ ऑक्टोबरला डग गॉर्डन हा त्यांच्यातील निष्णात कयाकपटू एका लहानशा धबधब्याखाली सापडला आणि प्रवाहाने त्याला ओढून नेले. मोहीम तेथेच थांबली. त्यानंतर २००२ मध्ये स्कॉट लिंडग्रेन याच्या नेतृत्वाखाली सात जणांचा चमू त्याच दरीत गेला; परंतु भर हिवाळ्यात, पाणी किमान असताना. जे उतरण्याजोगे नव्हते ते त्यांनी पायी ओलांडले आणि पुढे मोठा धबधबा येताच नदी सोडून डोंगराची खिंड चढून बाहेर पडले. दोन्ही चमूंचे कौशल्य तोलामोलाचे होते. ऋतूच्या निवडीने मात्र नदीच बदलून टाकली.

या दोन कथांतून आखणीचे सार निघते. वेगवान पाण्यात विचाराला अवसर नसतो. काठावर जे ठरले तेवढेच पाण्यात पार पडते. जे ठरले नाही ते नदी ठरवते. म्हणून चांगल्या आखणीत ‘कसे जावयाचे’ याच्या आधी ‘केव्हा जावयाचे नाही’ हे लिहिलेले असते. उदाहरणार्थ, पुलाच्या खांबावरील अमुक खुणेच्या वर पाणी असेल तर प्रवास रद्द. घाटमाथ्यावर रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर रद्द. पाणी गढूळ होत चालले असेल, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या असतील, तर नदी चढत आहे असे समजून लगेच काठ गाठावयाचा. दुपारी अमुक वाजेपर्यंत अर्धा टप्पा संपला नाही तर ठरलेल्या साकवापाशी बाहेर पडावयाचे. हे नियम आदल्या रात्री, कोरड्या कपड्यांत, थंड डोक्याने लिहिलेले असावेत. कारण सकाळी काठावर उभे राहिल्यावर, गाडीभाडे भरलेले, मित्र उत्साहात आणि तराफा फुगविलेला अशा स्थितीत, प्रत्येकाला नदी थोडी सोपी दिसू लागते. आणखी एक नियम सर्वांत अवघड. चमूतील कोणीही एकाने नकार दिला, मग तो वयाने सर्वांत लहान का असेना, तर त्याची चेष्टा न होता तो मानला गेला पाहिजे. प्रत्येक खळाळाच्या आधी उतरून, काठावरून तो पाहून, ‘येथे नको’ असे म्हणू शकणारा नेता मिळणे हे उत्तम तराफा मिळण्याहून दुर्मीळ आहे.

आता या विषयाचा ग्रंथालयाशी असलेला संबंध. नदीची माहिती कोठे असते? काही नकाशात, काही हवामान खात्याच्या नोंदींत, काही केंद्रीय जल आयोगाच्या गांजे येथील मोजणीत. परंतु फार मोठा भाग माणसांच्या स्मृतीत असतो. पूल होण्यापूर्वी तर चालविणारे, पावसात पोहून पलीकडच्या वाड्यावर औषध पोहोचविणारे, कोंडीत मासे पकडणारे, पुरात वाहून येणारी लाकडे धरणारे, यांना नदीचा प्रत्येक खडक ठाऊक होता. कोणत्या पावसात कोणती धार फिरते, कोणता डोह माणूस गिळतो, कोणत्या साली पाणी कोणत्या देवळाच्या पायरीला लागले, हे ते सांगू शकत. पूल झाले आणि तर थांबली. ते योग्यच झाले; पुलांनी गरोदर स्त्रिया आणि शाळकरी मुले यांचे हाल संपविले. परंतु तरीबरोबर तरवाल्याचे ज्ञानही पैलतीराला गेले. शहरातून येणाऱ्या तरुणापाशी आज उत्तम हेल्मेट असते आणि नदीची ओळख नसते. गावातील वृद्धापाशी ओळख असते आणि त्याला विचारणारे कोणी नसते. या दोघांची गाठ पडत नाही, तोवर पावसाळ्यातील त्या बातम्या थांबणार नाहीत.

नदीविषयीची माहिती केवळ साहसापुरती उपयोगी आहे असेही नाही. म्हादईच्या पाण्याच्या वाटणीचा कलह सर्वांना ठाऊक आहे. २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यात कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी नेमून दिले. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो केंद्र सरकारने अधिसूचित केला. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थान नव्हे. एवढे मात्र दिसते की अशा प्रसंगी नदीच्या बाजूने बोलावयास नोंदी लागतात: कोणत्या महिन्यात किती पाणी, कोणता व्हाळ कधी आटतो, कोणता खळाळ कोणत्या आठवड्यापर्यंत वाजतो. वल्हेकरी पात्रातून जातो, म्हणून काठावरून न दिसणारे त्याला दिसते. आपल्या प्रवासाची टिपणवही त्याने जपली, तर तो नदीचा पाहुणा न राहता तिचा साक्षीदार होतो.

शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेला एक नवे पुस्तक आरंभणे कठीण नाही. एका कोऱ्या, जाड पुठ्ठ्याच्या वहीवर नदीचे नाव घालावे. म्हादईची एक, वाळवंटीची एक, तिळारी-शापोऱ्याची एक, तेरेखोलची एक. तीत जुन्या तरवाल्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरून घ्याव्यात. कोंडींची, उतारांची, खळाळांची स्थानिक नावे, जी कोणत्याही नकाशात नाहीत, ती गावानिशी लिहावीत. दरवर्षीच्या पुराची सर्वोच्च खूण तारखेसह नोंदवावी. जे तरुण पावसाळ्यात सत्तरीला तराफ्यातून जाऊन येतील, त्यांनी परतल्यावर त्या दिवशीचे पाणी, पाऊस, वेळ आणि अडलेली जागा यांच्या चार ओळी तीत घालाव्यात. आणि ज्यांनी काठावरून पाहून परत फिरण्याचे ठरविले, त्यांची नोंद आवर्जून घ्यावी, कारणासह. पुढच्या ज्येष्ठात एखादा मुलगा नदीवर जाण्याआधी ग्रंथालयाची पायरी चढेल, ती वही मागेल आणि आदल्या वर्षी याच पाण्यावर कोणी तरी का थांबले हे वाचेल. त्याच्या आखणीचे पहिले पान मग ग्रंथालयाच्या या वहीतच लिहिले जाईल.